साळू आणि घाटातले मागचे इंजिन

घाटाच्या उतारावर दाट रान होते आणि त्या रानात एक साळू राहत असे. अंगभर लांब काटे आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. मुलांनो, साळूला राग आला की तिचे काटे उभे राहतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हिचे काटे बसलेले कोणी फारसे पाहिलेच नव्हते.

या रानाला एक वेड लागले होते. पूर्वी घाटातून आगगाडी जात असे. ती बंद पडली, पण प्राण्यांच्या मनातून काही जाईना. मग ज्याने त्याने आपल्या घरात छोटी आगगाडी मांडली. बिळात, ढोलीत, खडकाच्या कपारीत, जिकडे पाहावे तिकडे कामट्यांचे रूळ आणि बांबूच्या पेरांचे डबे. गाडी दोरीने ओढायची आणि तोंडाने झुकझुक करायचे. इंजिने मात्र एकटा सुतारपक्षी करी. सागाच्या लाकडातून तो अशी इंजिने कोरी, की धूर तेवढा निघायचा बाकी. वर्षातून एकदा वडाखाली जत्रा भरे. तिथे तो टोपली घेऊन बसे आणि मध, बोरे, मोहाची फुले घेऊन इंजिने देई.

पण टोपलीत दरवर्षी एकाच साच्याचे इंजिन असे. गाडीच्या पुढे मिरवणारे, मोठ्या धुराड्याचे, ज्याला सगळे राणी म्हणत ते. एका वर्षी हिरवी राणी, दुसऱ्या वर्षी निळी राणी, मग निळ्यावर पांढरा पट्टा. लाकूड तेच, साचा तोच, नुसता रंग नवा. आणि वर सुतारपक्षी छाती काढून सांगणार, "यंदा खास नवीन माल आणलाय!" आता यावर कोणाचेही डोके फिरेल. साळूचे तर फिरायला वेळच लागत नसे.

"पुन्हा तीच!" ती भर जत्रेत कडाडे. "अरे, लाज कशी वाटत नाही तुला? पुढच्या वर्षी ठिपके काढून आणणार आहेस का?"

साळूला हवे होते घाटातले मागचे इंजिन. स्टेशनातली माणसे त्याला बँकर म्हणत. चढ लागला की राणी शिट्ट्या फुंकत पुढे चाले आणि सगळा भार मागून हे बुटके, काळे, तेलकट इंजिन ढकले. माथा आला की गाडी पुढे निघून जाई आणि ते एकटेच उलटे घाट उतरून खाली येई. गाडीतल्या कोणी त्याला कधी हात केला नाही. साळूचे बीळ रुळांच्या खालीच होते. लहानपणी ती बिळाच्या तोंडाशी बसून त्याला हात करायची. मोठी झाल्यावर तिने घरात हुबेहूब घाट उभा केला. पण नुसत्या राणीने ओढलेली गाडी अर्ध्या चढावर अडायची, कडी तुटायची आणि डबे गडगडत खाली यायचे. मग साळू जे काही बोलायची, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

जत्रा जवळ आली असताना शेजारचा ससा धापा टाकत आला. "साळूमावशी, घात झाला! बाजूच्या रुळावर ते जुने बँकर उभे आहे ना, त्याच्यावर माणसे खडूने फुल्या मारून गेली. आपली जत्रा झाली, की आठवड्याभरात कापून भंगारात नेतील, असे त्यांच्या बोलण्यावरून दिसते."

त्या घाटातले ते शेवटचे बँकर होते. साळू तशीच उठली आणि तरातरा सुतारपक्ष्याकडे गेली.

"ऐक," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दोरी घे आणि त्याची मापे काढ. एकदा ते कापले, की कशावरून करणार आहेस तू बँकर?"

सुतारपक्ष्याने चोचीवरचा भुसा झटकला. "साळूबाई, मापे घ्यायची, नवा साचा करायचा, म्हणजे माझे अख्खे वर्ष त्यात जाणार. एवढे करून कोणी घेतलेच नाही तर? राणी हातोहात जाते."

"आता नाही जाणार! सगळ्या रानाला वीट आलाय तुझ्या राणीचा!"

"असे म्हणता? मग ठरले," सुतारपक्षी शांतपणे म्हणाला. "यंदा माझी टोपली भरलेली परत आली, तर दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दोरी घेऊन रुळावर जातो. शब्द दिला."

साळूने रान पालथे घातले. घरोघरी जाऊन तिने प्रत्येकाला खडसावले, "यंदा राणीला कोणी हात लावायचा नाही. लावलात तर गाठ माझ्याशी आहे!" ससा, खार, मुंगूस, सगळ्यांनी माना डोलावल्या. मनातून बँकर सगळ्यांनाच हवे होते.

जत्रेच्या दिवशी सुतारपक्ष्याने टोपलीवरचे पान उचलले. आत राण्याच होत्या, पण यंदा पळसाच्या फुलांसारख्या लालभडक, आणि धुराड्याभोवती सोनेरी रेघ. बघणाऱ्यांचे श्वास अडकले. तरी कोणी पुढे झाले नाही. ससा पाठ फिरवून बसला. खारीने डोळे मिटून घेतले. ऊन कलले, जत्रेतली पाले उठू लागली, टोपली जशीच्या तशी. सुतारपक्ष्याने ती आवरायला घेतली.

साळू जिंकली होती. घरी जायचे तेवढे उरले होते.

पण जाताजाता तिने एकदा वळून पाहिले. हिरवी तिच्याकडे होती. निळी होती, पट्ट्याची होती. लाल नव्हती. एवढी सुंदर रांग आणि त्यात लाल नाही! 'एक घेतली म्हणून काय बिघडणार आहे?' तिने मनाशी म्हटले. 'बाकी टोपली तर भरलेलीच आहे. आणि एवढी सगळी धडपड केली कोणी? मीच ना?' ती वडाच्या मागून गेली, मधाचा द्रोण सरकवला आणि लाल राणी पोटाशी धरून पुन्हा "मेला एकच साचा उगाळतो!" असे पुटपुटत घरी आली. हो, घेताना सुद्धा तिने त्याला शिव्याच दिल्या.

सशाने ते पाहिले आणि तो धावत टोपलीकडे गेला. त्याच्यामागे खार गेली, खारीमागे मुंगूस. अंधार पडायच्या आत टोपली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडले. सुतारपक्षी रुळावर गेला नाही. तो सागाच्या फांदीवर बसून पुढच्या वर्षीच्या राण्या कोरू लागला. काही दिवसांनी माणसे आली. दिवसभर ठिणग्या उडाल्या, लोखंड किंचाळले आणि संध्याकाळी ट्रक भरून निघून गेले. साळू पोचली तेव्हा रुळावर फक्त तेलाने काळी झालेली माती होती. ती तिथे बसून ढसाढसा रडली, आणि मग तिचा संताप अनावर झाला.

"विश्वासघातकी!" ती सुतारपक्ष्याच्या झाडाखाली ओरडली. "तू मारलेस त्याला! वर्षानुवर्षे मी घसा फोडून सांगत होते, तुझ्या कानात बोळे होते का?"

"नाही, साळूबाई. सगळे ऐकू येत होते," सुतारपक्षी म्हणाला. "तुम्ही दरवर्षी ओरडलात आणि दरवर्षी राणी घेऊन गेलात. माझ्या घरात चार तोंडे आहेत. ती तुमच्या ओरडण्यावर जगत नाहीत. यंदा मी खरेच टोपली आवरत होतो हो. सगळ्यात आधी द्रोण कोणी पुढे केला?"

साळू गर्रकन सशाकडे वळली. "आणि तू? तुला बजावले होते ना मी?"

ससा भीत भीतच बोलला, पण बोलला. "मावशी, तुम्ही घेतलीत, तेव्हा मला वाटले, बेत मोडला."

साळूचे सारे काटे ताठ उभे होते. ती या काट्यांनी कोणाला टोचणार होती? तिने सुतारपक्ष्याकडे पाहिले, सशाकडे पाहिले, आणि मान खाली घालून ती बिळात निघून गेली.

पुढच्या जत्रेत पिवळ्या राण्या आल्या. साळू टोपलीजवळून गेली. तिने शिवी दिली नाही, द्रोण पुढे केला नाही. त्या वर्षी ती पहिल्यांदाच रिकाम्या हाताने घरी गेली. पण आता मापे घ्यायला घाटात काहीच उरले नव्हते.

तात्पर्य : नको असलेली वस्तू शिव्या देत का होईना, पण घेत राहिलो, तर करणारा तीच करत राहतो, त्याला आपला राग दिसत नाही, आपला पुढे आलेला हात दिसतो.