सारजाची परात

सोनघळच्या पश्चिमेला जो उभा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर कातळातल्या खुंटीला एक पितळी परात टांगलेली आहे. जुनी, चेपलेली, मधोमध पोचे पडलेली. सूर्यास्त बघायला आलेले पाहुणे 'इथे पीठ मळायला कोण येतं?' अशी थट्टा करतात. गावचे खेमाजी गुरव त्यांना हसू देतात, सावलीला बसवतात आणि मग सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. चैत्री पुनवेला पहाटे खंडग्रास ग्रहण लागलं होतं. सारजा नावाच्या सुनेची सासू, ठकूबाई, तीन दिवस हगवणीने अंथरुणाला खिळली होती. सारजाचा नवरा मिठाचे बैल घेऊन घाटाखाली गेलेला. आजाऱ्याला ग्रहण पाळायची सक्ती नसते, हे भटजींनीही येऊन सांगितलं. पण म्हातारी हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे. सुटलेला चंद्र पाहिल्याशिवाय ग्रहणात तिने जन्मात पाणी घेतलं नव्हतं. आदल्या सांजेपासून तिने ओठ मिटले होते.

आणि चंद्र तर तसाच ग्रासलेला डोंगराआड चालला होता. ग्रासलेला चंद्र मावळला, तर संध्याकाळी पुन्हा स्वच्छ बिंब उगवेपर्यंत उपास, असा नेम. म्हणजे आणखी अख्खा दिवस, तोही चैत्राच्या उन्हातला. सारजाने सासूच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. सोडली तरी ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी पार आटलं होतं.

"आत्याबाई, मी डोंगरावर जाते. तिथनं अजून दिसंल. सुटला की परात वाजवते. मग तरी प्याल न्हवं?"

"पिईन," म्हातारी पुटपुटली. "तुझं डोळं ते माझं डोळं."

शेजारणीला तांब्या देऊन उशाशी बसवलं आणि सारजा परात घेऊन धावत सुटली.

माथ्यावर पोचली तेव्हा तिच्या पाठीमागे फटफटलं होतं. समोर, पार खाली, धुरकटात ताकासारखा फिकट चंद्र होता. ग्रहणाचा घास कमी होत होता, पण चंद्रही खाली सरकत होता. घास बोटाएवढा राहिला, मग नखाएवढा. "सूट रे बाबा, सूट," असं ती सारखी म्हणत होती म्हणे. आणि नखाएवढा घास तसाच घेऊन चंद्र धुरकटात विरून गेला.

सारजा कितीतरी वेळ रिकाम्या आभाळाकडे बघत राहिली, असे सांगतात. सासूने आपले डोळे तिच्या हवाली केले होते. खोटं बोलावं तर पाप, खरं बोलावं तर म्हातारी संध्याकाळ बघत नाही. शेवटी तिने धोंडा उचलला आणि परात बडवली, पोचे पडेस्तोवर.

एका म्हातारीसाठी वाजवलेली परात सगळ्या गावाने ऐकली आणि ग्रहण सुटलं असंच धरलं. सारजा उतरली तेव्हा घरोघर चुली पेटल्या होत्या. एवढ्या माणसांचा नेम आपण मोडला, आता कुणाला काय होतंय, या धास्तीने ती उंबऱ्यातच थबकली.

ठकूबाईच्या पोटात अर्धा तांब्या पाणी गेलं होतं. डोळ्यांत जरा जीव आला होता.

"सुटला?"

"सुटला, आत्याबाई."

"मग तूबी पी."

सारजाने तांब्या उचलला आणि खाली ठेवला. "मला तहान न्हाय."

डोंगर चढून-उतरून आलेल्या सुनेचे ओठ तडकले होते. म्हातारीने ते पाहिलं. मग तिने तोच तांब्या ओढून घेतला आणि उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.

संध्याकाळी पूर्वेला पुरा चंद्र उगवला. गावात कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. ठकूबाई भिंतीला धरून उठली आणि तिने तांब्या सुनेच्या ओठांशी नेला. "आता पी बाई," ती म्हणाली. "माझ्या वाटचा उपास तू केलास."

आजही ग्रासलेला चंद्र मावळायला लागला, की सोनघळची एक सून डोंगर चढते. परात वाजते, गाव पाणी पितं. वर काय दिसलं, हे तिला कुणी विचारत नाही. ती मात्र संध्याकाळी सासूच्या हातूनच पाणी घेते, चंद्र डोळ्यांदेखत सुटलेला असला तरीही. परात खरी वाजली की खोटी, हे सुनेच्या कोरड्या ओठांवरून पुन्हा कधी कुणाला कळू नये, म्हणून ठकूबाईनेच तसं लावून दिलं म्हणे.