दुप्पट किमतीची भाकरी

मोरगडात नवा रस्ता झाला, पेठेतल्या घरांच्या किमती दुप्पट झाल्या आणि दिवाण भास्करपंतांनी घरपट्टीही दुप्पट केली. लोक दरबारात गेले. कोणी म्हणालं, दुकान मोडेल. कोणी म्हणालं, लेकीच्या लग्नाची पुंजी जाईल. पंतांचं एकच पालुपद, "बसल्या जागी श्रीमंत झालात, मग रडता कशाला?"

वाद दुपारपर्यंत चालला. जेवण नेहमीप्रमाणे तुंगाबाईंच्या खानावळीतून आलं. त्यांचंही घर पेठेतच, पुढे खानावळ आणि मागे संसार. वाढता वाढता त्यांनी ते पालुपद ऐकलं, महाराजांना पोटभर वाढलं आणि पंतांच्या ताटात एकच भाकरी ठेवली.

ती संपली तशी पंतांनी दुसरी मागितली.

"आणखी कशाला?" तुंगाबाई म्हणाल्या. "ज्वारी दुपटीने महागली. मागे दोन भाकऱ्यांना जे पडायचं, ते आता एकीला पडतं. म्हणजे आपण दोन भाकऱ्या जेवलात, दिवाणजी."

"किमतीने कधी पोट भरतं का, बाई?" पंत तडकले. "पोटात एकच भाकरी गेलीय."

"पेठेतही माझं घर एकच आहे. किंमत वाढली म्हणून त्यात खोली वाढली नाही, की गल्ल्यात पैसा."

महाराज हसत म्हणाले, "पंत, जुनीच पट्टी राहू द्या, नाहीतर उपाशी उठाल."

पंतांनी मान डोलावली. तुंगाबाईंनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. पंतांच्या वाटणीची दुसरी भाकरी त्यांनी घरूनच तूप लावून आणली होती.