डबल बेल

टीव्हीखालच्या कप्प्यातल्या वस्तू आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. तिथे व्हिडिओ गेमचा एक कन्सोल राहत होता. एका सुट्टीत मृण्मयीने आजोबांबरोबर खेळाबरोबर आलेल्या जोडणीच्या खोक्यातले पुठ्ठे दुमडून त्याच्यासाठी एक स्टीअरिंग बनवलं आणि मधल्या खाचेत खेळाचा रिमोट बसवला.

आजोबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते. रिमोटची बारीक बटणं त्यांच्या थरथरत्या बोटांना जमत नसत. स्टीअरिंग मात्र लगेच जमलं. मृण्मयी कंडक्टर होऊन तोंडानेच डबल बेल द्यायची, "टिंग टिंग!" तेव्हाच आजोबा पडद्यावरची गाडी सोडायचे.

कन्सोलला हे खपेना. "पुठ्ठेराव, तुमच्यावाचून माझं काय अडलंय?"

"तुमचं काहीच नाही," स्टीअरिंग म्हणालं. "अडतं ते आजोबांचं."

"मग रद्दीवाल्याला सांगा ते!" असं म्हणून कन्सोलने स्टीअरिंगचं ऐकणंच बंद केलं. आजोबा डावीकडे वळवत आणि गाडी सरळ भिंतीवर जाई.

चौथ्या दिवशी त्यांनी स्टीअरिंग खाली ठेवलं. "राहू दे गं बाळा. माझा हातच गेला आता."

हात गेला नव्हता. हे कन्सोलला ठाऊक होतं, पण त्याने हट्ट सोडला नाही. स्टीअरिंग रद्दीत गेलं. पुढच्या सुट्टीपर्यंत आजोबाही राहिले नाहीत.

आता मृण्मयी एकटीच खेळते. दर वेळी गाडी सुरू होण्याआधी कन्सोल जरासा थांबतो.

"जुना झालाय, अडकतो," ती आईला सांगते.

कन्सोल अडकत नाही. तो डबल बेलची वाट पाहतो.