गोदाक्काचा ओटा

“आणि आणखी काय सांडेल त्या टेबलावर?” बाबांनी विचारलं.

हेरंब कानिटकर अडखळला. गंधकाम्ल, नत्राम्ल, कॉस्टिक सोडा, आयोडीन, स्पिरिट... सगळं सांगून झालं होतं.

“शाई,” तो म्हणाला.

“आणि?”

“पाणी. चहासुद्धा... मास्तरांचा.”

“आणि?”

हेरंबनं वहीत पाहिलं. वहीत पुढं काहीच नव्हतं.

बाबा वाट पाहत राहिले. भैरवगिरीबाबांना वाट पाहण्याचा कंटाळा येत नसे, आणि नेमका त्याचाच हेरंबला फार त्रास होई.

हा हेरंब काही सोम्यागोम्या नव्हे. भोसरीत त्याचा कारखाना. वीस वर्षं औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांची टेबलं केलेली. टेबल म्हटलं की गडी झोपेतही उंची, खण, बेसिन आणि गॅसची नळी घडाघडा सांगेल. अशा माणसाला डोंगरातल्या एका मठात, सतरंजीवर बसून, एका साध्या प्रश्नाचं उत्तर येऊ नये?

तो मठात आला होता ते टेबलासाठी नाही. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको शर्वरी गेली. तेव्हापासून त्याचं कशात लक्ष लागेना. पहिल्याच दिवशी त्यानं बाबांचे पाय धरले होते. “बाबा, मला असा मंत्र द्या, की यापुढं काही आत शिरूच नये.”

बाबा म्हणाले होते, “मठाच्या शाळेत प्रयोगशाळेची खोली बांधून तयार आहे. आत टेबल नाही. आधी पोरांचं टेबल कर. मग मंत्राचं बघू.”

एवढंच ना! हेरंबला मनातल्या मनात हसू आलं होतं. पुण्याला जाऊन तिसऱ्या दिवशी तो नकाशा घेऊन हजर. सोबत एक पेटी, आणि पेटीत टेबलाच्या पृष्ठभागाचे पाच नमुने, वीतभर लांबरुंद.

त्यानं एकेक नमुना सतरंजीवर मांडला आणि एकेकाची बिनपाण्यानं केली.

“हा सागवान. आम्ल पिऊन काळा पडतो. हा ग्रॅनाइट. काचेचं भांडं निसटलं की संपलं. हे स्टील. मिठाच्या आम्लानं गंजतं. हा कडप्पा. त्याला तर लिंबूसुद्धा खातं.”

मग त्यानं पाचवा नमुना हळूच काढला. करड्या रंगाचा, गुळगुळीत.

“आणि हे रेझिन, बाबा. याला काही होत नाही.”

“काहीच?”

“काहीच. आम्ल ओता, तापलेलं भांडं ठेवा. ओल्या फडक्यानं सगळं निघतं. शंभर वर्षांनी पाहिलं तरी आज बसवल्यासारखं.” त्याचा आवाज जरा खाली आला. “मला मन असं हवंय, बाबा.”

त्यावर बाबांनी काय काय सांडेल ते विचारलं होतं. आणि हेरंबची वही संपली होती.

बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, “स्वयंपाकघरात जाऊन बैस.”

“स्वयंपाकघरात?”

“आठ दिवस.”

“पण टेबल...?”

बाबांनी डोळे मिटले.

मठाचं स्वयंपाकघर गोदाक्काच्या ताब्यात. सत्तरीची बाई, पाठीत जराशी वाकलेली. चाळीस वर्षं ती शाळेच्या पोरांना जेवू घालत होती. हेरंब एका कोपऱ्यात पाटावर बसला आणि मांडीवर वही घेऊन पाहू लागला.

काय पाहायचं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो साहजिकच ओट्याकडे पाहू लागला. ओटा कडप्प्याचा, आणि त्याची दशा बघवत नव्हती. चिंच भिजवायची तिथं दगड पांढरा पडून खरबरीत झालेला. लिंबं चिरायची तिथं बारीक बारीक खड्डे. परातीखाली उथळ खळगा. डाळीचं पातेलं उतरवायचं तिथं झिजून झिजून एक गोल पडलेला. कडेचे टवके उडालेले.

आणि एक गोष्ट त्याच्या तरबेज नजरेनं पहिल्याच सकाळी टिपली. गोदाक्का काहीही ठेवण्याआधी ओट्यावरून तळवा फिरवी. परात ठेवायची, तळवा. पातेलं उतरवायचं, तळवा. हेरंबनं मोजलं. अकरा वाजेपर्यंत त्रेचाळीस वेळा.

त्यानं वहीत लिहिलं: पृष्ठभाग सदोष. सतत पुसावा लागतो.

“अक्का, हा ओटा कधी बदलावासा नाही वाटला?”

“कशाला वो दादा? आमचं दोघांचं जमलंय.”

बिचारी, हेरंबला वाटलं. चांगलं काय असतं ते हिनं पाहिलेलंच नाही.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. पोरं येत, जेवत, जात. हेरंब बाबांना विचारायला गेला की बाबा नुसते म्हणत, “पाहिलंस?”

“पाहिलं.”

“काय?”

“ओटा.”

“हं... पाहा अजून.”

पाचव्या दिवशी त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. हे टेबलाचं शिक्षण होतं, की मंत्राचं? की हा म्हातारा आपली गंमत करतोय? त्याला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला.

सहाव्या दिवशी मात्र त्याचं डोकं चाललं. अरे, साधी गोष्ट! बाबा पाहतायत की आपल्याला दुसऱ्याचं दुःख दिसतं का. समोर एक म्हातारी सडक्या ओट्यावर राबतेय आणि आपण वहीत टिपणं काढत बसलोय. मग मंत्र कसा मिळणार?

योगही जुळून आला. शाळेला दोन दिवस सुट्टी. बाबा कामासाठी साताऱ्याला गेलेले. गोदाक्का भाचीच्या साखरपुड्याला. हेरंबनं कराडहून पॉलिशवाले बोलावले. त्यानं स्वतः शेजारी उभं राहून एकेक खड्डा, एकेक खळगा त्या करड्या रेझिननं भरून घेतला. वरून मशीन फिरवली. टवके उडालेली कड घासून सरळ केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यात तोंड दिसत होतं.

त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला सपाटून भूक लागली.

सकाळी गोदाक्का आली. तिनं चूल पेटवली, डाळ शिजत घातली आणि परात घ्यायला वळली. नेहमीसारखा ओट्यावर तळवा ठेवला.

तळवा थांबला.

तिनं तो डावीकडे नेला. उजवीकडे नेला. ओट्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली.

हेरंब दारात उभा होता. कौतुक ऐकायला, दुसरं काय! “कसा चकचकीत झालाय ना, अक्का?”

तिनं परात ठेवली. पीठ मळायला हात टाकला तशी परात घसरून भिंतीला लागली. तिनं ती ओढून घेतली. परत घसरली.

तेवढ्यात डाळ उतू जाऊ लागली. गोदाक्कानं पदरानं पातेलं धरलं, वळली आणि चाळीस वर्षं उतरवत होती ती जागा समजून उतरवलं... अर्धं ओट्यावर, अर्धं हवेत.

पातेलं कलंडलं. उकळती डाळ तिच्या डाव्या हातावरून खाली पायावर आली.

ती ओरडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि पुटपुटत राहिली, “जागा गावंना... हितंच हुती. हितंच हुती न्हवं का?”

आणि तिनं हेरंबकडे पाहिलं. म्हणजे हेरंबकडे नाही. त्याच्या शेजारच्या चौकटीकडे.

तेव्हा कुठं हेरंबला कळलं. अक्काला दिसत नव्हतं.

मठात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या सहासात वर्षांत अक्काची नजर जात जात गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळे. त्याबद्दल कुणी बोललेलं तिला खपत नसे, म्हणून कुणी बोलत नसे. आणि आपले कानिटकरसाहेब सहा दिवस तिच्यासमोर वही घेऊन बसले होते. तिचा तळवा त्यांनी मोजला. तो काय शोधतोय, हे त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

बाबा आदल्या संध्याकाळीच परतले होते. बातमी कळताच ते स्वयंपाकघरात आले. अक्काचा हात त्यांनी बराच वेळ पाण्यात धरायला लावला. मग वाटीत खोबरेल तेलात हळद कालवली आणि आपल्या हातानं तिच्या हाताला, पायाला लावू लागले. ओट्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. हेरंबकडे पाहिलं नाही.

“बाबा,” हेरंब कसाबसा म्हणाला, “मी निघतो.”

“टेबल?”

“मला काही कळत नाही. खरंच काही कळत नाही. तुम्हीच सांगा ते कशाचं करू.”

“मला तरी त्यातलं काय कळतं? सागवानाचं कर. दगडाचं कर.”

“मग सहा दिवस मला इथं टेबलासाठी का बसवलंत?”

“टेबलासाठी?” बाबांनाच नवल वाटल्यासारखं दिसलं. “स्वयंपाकघरात टेबल कुठं होतं?”



“रागं भरू नगा त्येला,” गोदाक्का म्हणाली. “त्येनं माज्यासाटीच केलं. बाबा, त्या बरणीतला चिचंचा गोळा द्या वाईच.”

बाबांनी चिंच दिली. तिनं उजव्या हातानं ती पाण्यात बुडवली. ओट्याच्या डाव्या टोकापासून चार बोटं, मग वीत, मग आणखी वीत असं मोजलं आणि गोळा रेझिनशेजारच्या उघड्या दगडावर दाबून ठेवला.

“आठ दिसांत दगुड ऐकंल, जागा हाताला गावंल,” ती म्हणाली. “तवर पोरीस्नी हाताशी घ्यीन.”

आम्लानं कडप्पा खराब होतो, हे हेरंबइतकं कुणाला माहीत होतं? तरी तो त्या गोळ्याकडे पाहतच राहिला. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

“घरीसुद्धा मी हेच केलं, बाबा.”

बाबा तेल लावत राहिले.

“शर्वरी गेल्यावर महिन्याभरात सगळ्या घराला रंग दिला. आमच्या स्वयंपाकघरात, दिव्याच्या बटणाशेजारी, तिच्या बोटांचा तेलकट डाग होता. भाजी परतता परतता ती दिवा लावायची ना... तिथलीच भिंत मी आधी घासायला लावली. रंगारी म्हणत होता, साहेब, वरून रंग द्या, झाकला जाईल. मी म्हटलं, नाही, घास.”

“हं...”

“सगळं निघालं. घरात आता तिचं काही नाही. आणि तरीही मला झोप लागत नाही. मी काय चुकलो, बाबा? मला काही समजत नाही. आता तरी तो मंत्र द्या... यापुढं काही लागू नये असा. मला सोसत नाही हो!”

गोदाक्कानं चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला.

“तुझी ती फळी आण,” बाबा म्हणाले. “शंभर वर्षांची.”

हेरंबनं रेझिनचा नमुना आणून समोर ठेवला. बाबांनी हळदीनं माखलेला आपला पंजा त्यावर ठेवला. उचलला. करड्या रंगावर पाच पिवळी बोटं स्वच्छ उमटली होती.

मग त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि एकदाच फिरवलं.

“बघ बरं. कोण आलं होतं इथं?”

हेरंबनं फळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, तिरकी करून पाहिली.

“कुणीच नाही,” तो म्हणाला.

बाबा उठले. तोच पंजा त्यांनी हेरंबच्या छातीवर ठेवला, पांढऱ्या सदऱ्यावर, आणि बराच वेळ काढला नाही. हेरंबला त्या हाताची ऊब लागली. तीन वर्षांत त्याच्या अंगावर कुणी असा हात ठेवला नव्हता.

मग बाबांनी हात काढला आणि ओलं फडकं हेरंबच्या हातात दिलं.

त्यानं सवयीनं घासलं. हळद पसरली. त्यानं आणखी एकदा घासलं, आणि मग त्याचा हात तिथंच थांबला.

“बाबा... मंत्र?”

“हे निघालं, की ये,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी देईन.”