अलकनंदेने राखलेली मोळी

श्रीविमलनाथ महाराज उत्तरेच्या यात्रेला गेले ते परतलेच नाहीत. अलकनंदेच्या काठी देवखाल नावाच्या लहानशा गावात, चीड नावाच्या सुईसारख्या पानांच्या उंच झाडांच्या रानाला लागून त्यांनी धुनी पेटवली आणि तिथेच राहिले. आपल्या मुलखातून त्यांच्यामागे गेलेली ठकूबाईही राहिली. तिची सेवा एकच, धुनीला जळण पुरवायचे.

पहाडी बायकांकडून ती एक गोष्ट शिकली होती. वादळात मोडलेल्या चिडांचे जुने बुंधे ती शोधायची. वरून ते कुजलेले दिसत. पण कुऱ्हाडीने वरचा भुगा काढला की आत राळेने भरलेला, मधाच्या रंगाचा गाभा निघे. त्याच्या बोटभर ढलप्या काडी लावताच पेटत, भर पावसातसुद्धा. जिवंत झाडाला तिने कधी कुऱ्हाड लावली नाही. हात मात्र राळेने काळे, चिकट झाले होते.

एकदा धुंडिराजशास्त्री नावाचे मोठे याज्ञिक म्हाताऱ्या आईला घेऊन तिथे, त्याच धुनीवर यज्ञ करायला आले. ठकूबाईने लुगड्याच्या चिंधीने बांधलेली मोळी पुढे ठेवली, तसे ते कडाडले, "देवाच्या अग्नीला हे कुजकं लाकूड? आणि हात बघ तुझे. स्मशानातून आलीस काय?"

"घासले तरी राळ जात नाही, शास्त्रीबुवा. लाकूड आतून चांगलं आहे. वास तरी घेऊन बघा."

वास कसला घेतात! शास्त्र्यांनी मोळी पायाने नदीत लोटली, आणि भोवतालचे लोक हसले. सांगताना आजही माझे डोके तापते. दोन दिवस वाकून खोदलेले लाकूड ते! बाईच्या घामाला लाथ मारायची आणि वर सोवळ्याच्या गप्पा करायच्या, ही कुठली विद्वत्ता?

ठकूबाई रडत महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "मोळी धुनीसाठी होती ना? मग ती धुनीतच येईल. डोळे पूस."

शास्त्र्यांनी हिरवा चीड तोडवला आणि शुद्धीसाठी ती लाकडे नदीच्या पाण्याने धुतली. जळण धुतले, अहो! तिसऱ्या दिवशी तीच ओली लाकडे त्यांनी धुनीवर रचली. नुसता धूर झाला आणि धुनी विझली. त्यातच भरदुपारी गारा आणि बर्फ सुरू झाले. आईचे हातपाय गार पडले, बोलणे थांबले. शास्त्र्यांनी तूप ओतले, कापूर जाळला, पण लाकूड काही पेट घेईना. शेवटी ते धावत महाराजांकडे गेले.

"महाराज, माझ्या आईला वाचवा."

महाराज असे रागावलेले कोणी कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "आग तुम्हीच पाण्यात लोटलीत. जा, घेऊन या."

"तीन दिवस झाले, महाराज. नदी फुगली आहे."

"जा म्हणतो ना."

शास्त्री घाटावर गेले. नदी धोंडे लोळवत होती, आणि पाण्याला टेकलेल्या पायरीवर मोळी जशीच्या तशी होती. चिंधीची गाठसुद्धा सुटली नव्हती. ती ओली मोळी छातीशी धरून ते धावत आले. ठकूबाईने एका शब्दाने टोचले नाही. कुऱ्हाडीने ढलप्या काढल्या, काडी लावली. धुनी भडकली, वर ठेवलेली ओली लाकडेही हळूहळू पेटली. घटकाभराने म्हातारीने डोळे उघडले आणि विचारले, "धुंडू, जेवलास का रे?"

राळेचे लाकूड, पेटणारच, असे कोणी म्हणतात. म्हणोत. तीन दिवस त्या पुरात मोळी कोणी धरून ठेवली, तेवढे त्यांनी सांगावे.

शास्त्री महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय आखडून घेतले. "मोळी माझी नव्हती," ते म्हणाले.

तेव्हा शास्त्र्यांनी ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचली, दोन्ही हात धरून तिने त्यांना उठवले, आणि राळ त्यांच्या तळव्यांना लागली. कोणी तरी लगबगीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"राहू द्या," शास्त्री म्हणाले. त्याच हातांनी त्यांनी यज्ञाची पहिली आहुती दिली.