ठेंगीचा आवाज बसला तेव्हा

त्या पठारावर गवत फार आणि पाणी थोडे होते. ससे मधल्या खळग्यात राहत. खळग्यातून धूर दिसत नसे, म्हणून पठारावरच्या प्रत्येक मोठ्या दगडावर एकेक टिटवी राखण करी. एकीची हाक शेजारच्या दगडापर्यंतच पोहोचे. पुढे ती दुसरीने न्यायची.

खळग्याच्या काठावरचा दगड ठेंगीचा होता. कुठल्याही टोकाची बातमी अखेर तिच्याच चोचीतून सशांना कळे, आणि याचा तिला फार अभिमान होता. हाक सरळ आपल्यापाशी यावी, कुणी आपसांत आडवे बोलू नये, असा नियमच तिने घालून दिला होता. शेजारची भिंगरी तो रोज मोडी.

"दगड राखणीसाठी आहेत, गप्पांसाठी नाहीत," ठेंगी दटावी.

"चार शब्दांनी गवत थोडंच पेटतंय, ठेंगीताई!" भिंगरी म्हणे, आणि पलीकडच्या दगडावरचीला पिलांची खुशाली विचारू लागे.

फाल्गुनात पूर्वेकडे तळ्याच्या वर पळस फुलले. तिथल्या दगडावर म्हातारी झिपरी बसे. तिची नजर आता अधू झाली होती. तांबडा उतार पाहून तिने "वणवा!" अशी हाक दिली. ठेंगीने ती जिवाच्या आकांताने पुढे नेली, आणि सशांनी पिले उचलून खळग्याबाहेर धूम ठोकली. आग कुठेच नव्हती. असे तीन दिवस झाले.

"ठेंगीबाई, पोरं उचलून उचलून आमचे जबडे दुखायला लागले," सशांचा म्हातारा कानोजी म्हणाला. ठेंगीच्या ते जिव्हारी लागले. पण आलेली हाक अडवायची कशी? ती ओरडत राहिली.

चौथ्या सकाळी तिचा आवाज बसला. तिने कुणाला कळू दिले नाही. आपल्यावाचून अडत नाही असे कुणाला वाटले तर, ही धास्ती तिला घशाच्या दुखण्याहून मोठी होती.

आणि त्याच दुपारी पश्चिमेला खरोखरच गवत पेटले. हाक दगडामागून दगड ओलांडत तिच्यापर्यंत आली. ठेंगीने चोच उघडली. नुसता वारा बाहेर पडला. तिने पुन्हा जोर केला; तोही नाही. बराच वेळ ती तशीच झगडत राहिली; दुसरे काही तिला ऐकूच येईना. अखेर ती उडाली, खळग्यात उतरली आणि पंख आपटत गवतातून धावत सुटली.

गवतातली घरे रिकामी होती. पिलांच्या अंगाची ऊब अजून मातीत होती. तेवढ्यात पूर्वेकडून खिदळणे ऐकू आले, आणि ती तिकडे उडाली. तळ्याच्या ओल्या काठावर सगळे ससे बसले होते, पिलांसकट, आणि थोड्याच वेळात मागून आलेला वणवा ओल्या मातीपाशी येऊन विझत गेला.

"तुमचा आवाज आला नाही," भिंगरी धापा टाकत सांगू लागली. "दोन श्वास वाट पाहिली, मग मीच आडवी हाक मारली. तिसरीने ती उत्तरेला नेली, चौथीने दक्षिणेला, आणि सगळ्या खळग्याच्या काठापर्यंत उडत येऊन ओरडल्या."

"तीन बाजूंनी ऐकू आलं," कानोजी म्हणाला. "झिपरीबाई मध्येच पूर्वेलाही वणवा म्हणून ओरडल्या. पण त्यांच्या दोन्ही शेजारणी म्हणाल्या, पळस फुललाय, खुशाल या!"

झिपरीसकट सगळे हसले. ठेंगीलाही हसू आले. पण त्याला आवाज नव्हता, म्हणून ते फक्त अंगभर हलले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत ठेंगी पाणथळीच्या गवतात झोपून होती. जागी झाली तेव्हा उत्तरेकडून प्रश्न आला, "ठेंगीताई बऱ्या आहेत का?" थोड्या वेळाने तोच प्रश्न दक्षिणेकडून आला, जरा वेगळ्या सुरात. मग पळसांकडून कुणीतरी विचारले, "ठेंगीताईंनी काही खाल्लं का?"

ठेंगीने एक पंख वर केला. जवळच्या टिटवीने तो पाहिला. आणि "बऱ्या आहेत!" ही बातमी एकदम चारही दिशांना उडाली, वाटेत "भूक लागलीय" होत, पुढच्या दगडावर पुन्हा "बऱ्या आहेत" होत, हसत हसत पठाराच्या कडेपर्यंत गेली.