बिनआवाजाची बंदूक

कलमांच्या बागेचे मालक अण्णासाहेब विचारे आपला म्हातारा राखणदार धाकू पाष्टे याला घेऊन बंदुकीच्या दुकानात आले. वानरांनी यंदाही आंबा खाल्ला, तर धाकूला बागेतली खोपटी सोडावी लागणार होती. पण त्याच्या डोळ्यांपुढून एक वानरीण हलत नव्हती. मेलेलं पिल्लू पोटाशी धरून ती तीन दिवस बागेत फिरत होती.

दुकानदाराने गॅसवर चालणारी, स्वस्तातली छर्ऱ्याची बंदूक काढली. अण्णासाहेबांनी ती ऐटीत खांद्याला लावली.

"हीच घेऊ. आवाज जवळजवळ नाहीच. एक वानर पडलं, तरी शेजारच्या वानराला पत्ता लागायचा नाही. तुला काय कळणार म्हणा यातलं, धाकू."

 धाकू हळूच म्हणाला, "मालक, शेजारच्याला पत्ताच लागला नाही, तर ते खायचं कशाला थांबेल?"

दुकानदार खाली बघून हसला. अण्णासाहेबांनी बंदूक परत ठेवली आणि वाटेत धाकूला तेलाचा रिकामा डबा घेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी धाकूने डबा बडवला तसा सगळा कळप पळाला. ती वानरीण तेवढी पिल्लू सावरत मागे राहिली. धाकूचा हात थांबला. ती कुंपणापलीकडे जाईपर्यंत तो डबा छातीशी धरून उभा राहिला.